सुपारी एकदम बंद

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, औषध कंपन्यांची कॅलेंडरं आणि किस्से. कॅलेंडरं मी रद्दीत दिली. किस्से रद्दीवाला घेत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसते. माझ्या सुनेला सगळे पाठ आहेत, कुठे हसायचं तेही माहीत आहे, आणि ती स्वयंपाकघरातून बरोबर वेळेवर हसते.

मी सोनवणे सिस्टर. धुळ्याला आग्रा रोडच्या मागे डॉ. वाणींचा नाक-कान-घशाचा दवाखाना होता, तिथे मी एकोणीस वर्षं काढली. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. सर हुशार, पण बोलायला कंजूष. कुणी आभार मानायला लागलं किंवा पेशंटच्या डोळ्यांत पाणी आलं, की सर कपाळावरचा गोल आरसा डोळ्यांवर ओढायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, पुढचा पेशंट." पुढचा पेशंट आत येईपर्यंत आरसा पुन्हा कपाळावर गेलेला असायचा. अशा वेळी त्यांनी दुसरं काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

या दवाखान्याच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एक वर्ग भरायचा. गाणारे, वाजवणारे, नाचणारे पेशंट आले तर त्यांना तपासायचं कसं, हे डॉक्टर, नर्स आणि कंपाउंडर लोकांना शिकवायचा वर्ग. सरांनी बोर्डावर 'कलावंत-आरोग्य प्रशिक्षण वर्ग' असं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं. धुळ्यात सगळे त्याला तमाशाचा क्लास म्हणायचे. रिक्षावाल्यालासुद्धा तसंच सांगावं लागायचं, नाहीतर तो सिव्हिलला नेऊन सोडायचा.

हा वर्ग एका चुकीतून निघाला. ती चूक आधी ऐका.

*

दिवाळी होऊन गेली होती. पन्नाशीच्या एक बाई आल्या. नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, चालणं ताठ. बरोबर एक किडकिडीत माणूस. गोदाबाई त्यांचं नाव, स्वतःचा तमाशाचा फड, माणसं चाळीस. तो किडकिडीत माणूस म्हणजे नामदेव, फडातला सोंगाड्या. स्टेजवर लोकांना हसवायचा आणि दिवसा फडाची मॅनेजरकी करायचा.

बाईंचा आवाज पार बसलेला. नामदेवनेच सांगितलं, "दोंडाईच्याच्या डॉक्टरांनी दसऱ्याला सुपारी बंद करायला लावली. दीड महिना झाला, आवाज काही येत नाही."

सर म्हणाले, "सुपारी घशाला वाईटच."

बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "वाईट? तीस वर्षं घेतेय. माझी आईपण घ्यायची."

"रोज किती?"

"सीझनला रोज एक. चैत्रात कधी दिवसाला दोनपण होतात."

"मग तशी फार नाही," सर लिहिता लिहिता म्हणाले. "कातरून घेता की अख्खी?"

गोदाबाईंनी नामदेवकडे पाहिलं. नामदेवने माझ्याकडे पाहिलं.

"कातरून कशी घेणार डॉक्टर? अख्खीच. नारळासकट."

सरांचं पेन थांबलं. मी खेड्यातली, मला उलगडा झाला. यात्रेच्या गावाने तमाशा ठरवला की फडमालकाच्या हातात सुपारी आणि नारळ देतात. ती घेतली की खेळ पक्का झाला. तिलाच सुपारी घेणं म्हणतात. दोंडाईच्याचा डॉक्टर बोलत होता तोंडातल्या सुपारीबद्दल. या बाई जन्मात पान खात नव्हत्या. त्यांनी काय केलं असेल? संक्रांतीपर्यंतच्या सगळ्या गावांना निरोप पाठवून सुपाऱ्या परत केल्या होत्या. डॉक्टरांचा शब्द!

बाईंनी पोलक्यातून घडी केलेला केसपेपर काढला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, खाली दोन रेघा: 'सुपारी एकदम बंद.'

मी समजावून सांगितलं तेव्हा बाईंनी कागद पुन्हा घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "हाऊ कसा न्याय शे, अक्का? फडातली माणसं कापूस वेचायला गेली. दोघं दुसऱ्या फडात गेले. आता एका गावाची सुपारी राहिलीये, चैत्रातल्या यात्रेची. माझी आई तिथं उभी राहायची, मग मी. ते म्हणतात महाशिवरात्रीपर्यंत वाट बघू, मग दुसरा फड बघू. ती गेली तर फड मोडला."

त्यांचे डोळे भरून आले. सरांनी आरसा डोळ्यांवर ओढला. पण या वेळी पुढचा पेशंट मागितला नाही, बाईंचाच घसा बघितला. स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या, साध्या, तांदळाच्या कणीएवढ्या. जास्त गाऊन होतात तशा.

*

सरांनी दोंडाईच्याला ट्रंककॉल लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने डॉ. देवरे हजर. नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेला पोरगेला डॉक्टर, दोन वेळा चष्मा पुसला तरी घाम तसाच.

सर म्हणाले, "साडेपाच वर्षं शिकलास. 'सुपारी म्हणजे काय घेता', एवढं विचारायला शिकवलं नाही कुणी?"

"नाही सर."

"मलाही नाही शिकवलं. मीपण काल 'कातरून की अख्खी' विचारून बसलो." मग सर म्हणाले, "गंमत अशी की या गाठी घेऊन बाई दिवाळीभर गायल्या असत्या, तर आवाज कायमचा गेला असता. तुझ्या चुकीने गळ्याला विश्रांती मिळाली. तुला शाबासकी द्यावी की तुझा कान धरावा, ते मला कळत नाही."

देवरे म्हणाला, "कान धरा सर."

"ते तर मी रोजच करतो," सर म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. संध्याकाळी मला म्हणाले, "सिस्टर, या लोकांचं आपल्याला कुणालाच काही माहीत नाही. शिकावं लागेल. शिकवणार कोण?"

गोदाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी आतूनच म्हटलं, "त्या बघा बसल्यात. तशीही सुपारी बंदच आहे."

*

पहिल्या वर्गाला जेमतेम चौदा जण आले. साक्री, शिरपूर, पिंपळनेर, दोंडाईचा. अडचण अशी, की सरांनी गोदाबाईंना तीन आठवडे मौन दिलं होतं आणि वर्ग नेमका त्यातच आला. बाईच मुक्या, शिकवणार कशा? मग मी शेजारच्या घरातून एक पाटी-पेन्सिल मागून आणली. बाईंना लिहिता यायचं, वगाच्या वह्या उतरवून शिकल्या होत्या.

सरांनी विचारलं, "समोर गाणारी बाई आहे. आवाज बसलाय. तुम्ही काय विचाराल?"

ताप येतो का, खोकला आहे का, तंबाखू खाता का, असं सगळं झालं. कुणीतरी मागून म्हणालं, "सुपारी?" सगळे हसले. देवरे चष्मा पुसायला लागला.

गोदाबाईंनी पाटीवर लिहिलं, 'पट्टी?'

शिरपूरचे डॉक्टर म्हणाले, "घशाला पट्टी बांधत नाहीत हो बाई."

बाईंनी ते पुसलं आणि लिहिलं, 'काळी पाच.'

"पाच दिवसांत काळी पडली? मग पू झाला असणार."

बाईंनी कपाळाला हात लावला. नामदेवने पेटी उघडून दाखवली. काळ्या पट्ट्या मोजून दाखवल्या, तिसरी, चौथी, पाचवी. बाई विशीत असल्यापासून काळी पाच या चढ्या पट्टीत गात होत्या, आणि वय वाढलं तरी पट्टी उतरवली नव्हती. उतरवली तर लोक म्हणतील म्हातारी झाली. सर म्हणाले, "याचं औषध बाटलीत नाही. पट्टी उतरवा, हे औषध आहे. आणि ते पेशंटला पटवावं लागतं." ते वाक्य मी लिहून घेतलं. माझ्या वहीत अजून आहे.

बाईंनी मला पाण्याची खूण केली. नामदेव उठून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई म्हणतात, सिस्टर, पाणी द्या. आणि नामदेवला भजी."

पेन्सिल त्याच्या कानाजवळून गेली.

*

पिंपळनेरहून गावित सिस्टर यायच्या. स्वभाव कामसू, जे शिकलं ते दुसऱ्याच दिवशी लागू करायचं. त्यांच्याकडे एक भजनी बुवा आले होते, घसा बसलेला. गावित सिस्टरनी सांगितलं होतं, "आठ दिवस मोठ्यानं बोलू नका, नुसतं कुजबुजा." बुवांचा घसा आणखी बसला.

वर्गात सर म्हणाले, "कुजबुजणं बोलण्यापेक्षा वाईट. घसा जास्त आवळला जातो. एकतर गप्प, नाहीतर हळू पण मोकळं बोला."

गावित सिस्टर परत गेल्या आणि त्यांनी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर तांबड्या अक्षरात लिहिलं, 'येथे कुजबुजू नये.'

केंद्राच्या मोठ्या साहेबांना वाटलं, स्टाफमध्ये आपल्याबद्दल काहीतरी चाललंय. त्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून चौकशी केली. आठवडाभर पिंपळनेरचा सगळा स्टाफ 'साहेब फार चांगले आहेत' असं मोठ्याने बोलत होता.

*

दगडू गोदाबाईंच्या फडातला ढोलकीवाला. मनगट दुखायचं. शिरपूरच्या त्याच डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं आणि ढोलकी उचलून कोपऱ्यात चपलांच्या शेजारी ठेवली. दगडू उठला, ढोलकी घेतली आणि निघून गेला. पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढला नाही.

वर्गात त्याला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पळून का गेलास रे? मी काय वाईट केलं?"

दगडू म्हणाला, "तुमच्या देवघरात कुणी चपला ठेवल्या तर तुम्ही त्या घरी परत जाल का?"

डॉक्टर चांगला माणूस. खाली बसले, ढोलकीला हात लावून नमस्कार केला. दगडू विरघळला. मग सरांनी त्याला ढोलकी मांडीवर घेऊन बसायला लावलं आणि कळलं, की दुखणं मनगटात नव्हतंच. वर्षानुवर्षं एक खांदा उचलून बसायची सवय, तिथून कळ खाली यायची. ढोलकी हातात दिल्याशिवाय ते कुणाला दिसलं नसतं. सरांनी नियमच केला, वाद्यासकट पेशंट तपासायचा. त्यासाठी दवाखान्यात एक स्टूल ठेवला, फक्त वाद्यासाठी. त्यावर माणसाने बसायचं नाही.

प्लास्टर कापायच्या आधी दगडूने ते टेबलावर दोनदा वाजवून पाहिलं. म्हणाला, "सर, डाव्याला नाद बरा येतोय. एक एवढं ठेवता येईल का?"

*

फडात मंदा नावाची नाचणारी होती, गोदाबाईंची भाची. गुडघे धरून यायची. गावोगावच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, वजन कमी करा. पोरगी फुंकर मारली तर उडेल एवढी.

गावित सिस्टरनी विचारलं, "पायात काय बांधतेस?" मंदाने पिशवीतून चाळ काढले, घुंगरांचे. आमच्याकडे मोठ्या माणसांचा काटा बिघडलेला होता. शेजारच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातून तान्ह्या बाळांचा काटा आणला. त्याच्या पाळण्यात दोन्ही पायांचे चाळ ठेवले. गावित सिस्टर हजारो बाळांचं वजन केलेल्या, त्यांनी सवयीने म्हटलं, "चांगलं बाळसं आहे."

मग स्वतःच थबकल्या. म्हणाल्या, "म्हणजे ही अख्खं बाळ पायाला बांधून रोज नाचते. आणि आपण तिलाच सांगतो, वजन कमी कर."

गोदाबाईंचं मौन तोवर सुटलं होतं. त्या म्हणाल्या, "आता एकेकीने बांधून जिना उतरा." तीन सिस्टर आणि एक लेडी डॉक्टर उतरल्या. दर वेळी चाळ घेऊन चढून परत आली ती एकटी मंदाच. बाकीच्यांना आम्ही खालीच चहा पाठवला.

*

एकदा वर्ग जळगावला घेतला, तिथल्या डॉ. चौधरींनी बोलावलं म्हणून. ते दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे एक बँडमास्तर आले होते, इस्माईलचाचा. लग्नात क्लॅरिनेट वाजवायचे. पुढचे दोन दात हलत होते. चौधरी म्हणाले, "काढून टाकू. महिन्याने कवळी बसवू. काय फरक पडतो?"

चाचा घरी गेले आणि क्लॅरिनेट घेऊन परत आले. ते डॉक्टरांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वरचे दोन दात न टेकवता वाजवून दाखवा. मग काढा."

डॉक्टरांना वाटलं, फुंकायचं तर आहे. वर्गातल्या पंचवीस माणसांसमोर त्यांनी फुंकलं. नुसती हवा. पुन्हा जोर लावून फुंकलं, तेव्हा असा आवाज आला की बाहेर बसलेली एक म्हातारी उठून कंपाउंडरला म्हणाली, "मी नंतर येते बाबा, आत फारच त्रास देतायत."

चौधरींनी हार मानली. चाचांचे दात आधार देऊन वाचवले, लग्नसराई संपेपर्यंत हात लावला नाही. एवढंच नाही, त्यांनी आपल्या केसपेपरवर एक ओळ छापूनच घेतली, 'काय वाजवता?' प्रत्येकाला विचारायचे.

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच सांगितलं. एक गृहस्थ आले, बायको बरोबर. डॉक्टरांनी विचारलं, "काय वाजवता?"

गृहस्थ गोंधळले. बायको म्हणाली, "घराचे बारा."

*

देवरेचं काय झालं ते सांगायचं राहिलं. चुकीचं ओझं त्याच्या मनावर फार होतं. दर आठवड्याला तो बाईंच्या मुक्कामावर जायचा. वाफ घेतली का, पाणी किती प्यायलात, ओठ मिटून हुंकार द्यायचा व्यायाम केला का, वहीत लिहून घ्यायचा. हळूहळू फडातले सगळेच त्याला दाखवायला लागले. आता तमाशाच्या बिऱ्हाडात डॉक्टर जातो म्हटल्यावर गाव गप्प बसतं होय?

एके रविवारी पांढरं धोतर, टोपी, हातात काठी असा एक म्हातारा दवाखान्यात आला आणि थेट वाद्याच्या स्टुलावर बसला.

मी म्हटलं, "आबा, उठा. तो स्टूल ढोलकीचा आहे."

"ढोलकीचा नंबर लागतो इथे?"

"लागतो."

आबा उठले आणि सरांच्या समोर जाऊन उभे राहिले. "डॉक्टर, मना पोऱ्याले तमाशाना नाद लागी गया. बठ्ठं गाव हासस. काही औषध शे का?"

हे देवरेचे वडील. सर म्हणाले, "आबा, हा नाद आम्हीच लावलाय. त्याला औषध नाही."

आबा चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात गोदाबाई माडीवरून उतरल्या. आबा बघतच राहिले. "सखूबाईची पोर! तू इथे?"

"हो आबा." बाईंनी वाकून नमस्कार केला. "तुमच्या यात्रेत माझी आई उभी राहायची."

"तेव्हा मी यात्रेत पाणी वाटायचो. यंदा समितीचा अध्यक्ष झालोय." आबांनी काठी दोन्ही हातांत धरली. "शिवरात्रीपर्यंत थांबतो असं आम्हीच तुला कळवलं. पण सुपारी परत का करत सुटलीस सगळीकडे? लोक म्हणतात बाईला माज आला."

बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. देवरेकडे बघितलंसुद्धा नाही. तो मागे जिन्यात उभा होता. तोच पुढे आला आणि म्हणाला, "आबा, ते माझ्यामुळे झालं." आणि सगळं सांगितलं, एक शब्द न वगळता.

आबांनी बापाच्या नजरेने त्याच्याकडे बघितलं. मग सरांना म्हणाले, "याचा नाद सुटू देऊ नका."

जाताना मात्र बाईंना स्पष्ट सांगितलं, "पोरी, शिवरात्रीच्या पुढे मला गाव थांबू देणार नाही. तोवर आवाज आला तर ये."

*

शिवरात्रीच्या आधीचा रविवार. त्या दिवशी वर्गाला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना माहीत होतं आज काय आहे ते.

सरांनी बाईंना खाली तपासलं. बराच वेळ बघितलं. वर आले ते कपाळावरचा आरसा तसाच ठेवून आले, काढायचं विसरले. म्हणाले, "गाठी गेल्या. गळा स्वच्छ आहे. पण गाणं आलं की नाही, ते माझ्या आरशात दिसत नाही."

आबा समोर बसले होते. पुढ्यात ताटलीत एक नारळ आणि एक सुपारी. त्यांनी ताटली पुढे सरकवली. "घे पोरी."

गोदाबाईंनी हात मागे घेतला. "ऐकवल्याशिवाय घेणार नाही आबा. चार महिने एक ओळ गायलेली नाही. मला भीती वाटते. तुमच्या यात्रेत आवाज फाटला तर माझ्या आईचं नाव जाईल."

त्या उभ्या राहिल्या. नामदेव पेटीवर बसला होता. त्याने सवयीने काळी पाच दाबली.

बाई म्हणाल्या, "पट्टी उतरव."

त्याने वर बघितलं.

"काळी तीन."

नामदेवचा विनोद त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. त्याने गुपचूप पट्टी उतरवली. दगडूने ढोलकीवर थाप दिली. बाईंनी आईची जुनी गवळण धरली आणि पहिल्याच ओळीत आवाज चिरकला. त्या थांबल्या. माडीवर कुणी हाललं नाही. देवरे भिंतीला टेकून उभा होता, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईंनी दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि पुन्हा धरली.

या वेळी ती चालली. आवाज पूर्वीसारखा चढा नव्हता, जाड झाला होता, खालून येत होता. पण तो त्यांचाच होता. दुसऱ्या कडव्याला आबांची मान हलायला लागली आणि गावित सिस्टर पदराने तोंड झाकून बसल्या. मी तर सरळ रडले, लपवायचं काय त्यात? फड वाचला होता.

गाणं संपलं. आबांनी ताटली पुन्हा पुढे केली. बाईंनी सुपारीला हात लावला नाही. पोलक्यातून तो केसपेपर काढला, घडी पडून मऊ झालेला, आणि देवरेपुढे धरला.

"हे आधी सुधरा डॉक्टर. मी कागदाप्रमाणे चालते."

देवरेने खिशातून पेन काढलं. 'एकदम बंद' वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'चालू.' खाली सही केली. सही वेगळीच आली.

बाईंनी कागद बघितला आणि सरांकडे वळल्या. "मोठ्या डॉक्टरांची पण पाहिजे."

सरांनी कागद घेतला. सही केली. तो परत देताना बाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या. सरांनी कपाळावरचा आरसा डोळ्यांवर ओढला.

"सिस्टर," सर म्हणाले, "पुढचा पेशंट."

रविवार होता. खाली दवाखान्याला मीच कुलूप लावून आले होते.